लीड्सच्या थंडीत डेलिया: मार्चपासून जूनपर्यंत काय काय करायचं, सगळं सविस्तर

डेलिया थंडीने मरतो असं इथे सगळेच म्हणतात, पण गेल्या नऊ वर्षांत माझे जेवढे कंद गेले त्यातले बहुतेक ओलाव्याने कुजून गेले, थंडीने गेले ते फार थोडे. उत्तर इंग्लंडचा स्प्रिंग म्हणजे थंडी आणि ओल दोन्ही एकदम, त्यामुळे दोष नेहमी थंडीवर जातो. खाली जे लिहितेय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे, कंदाला फुटवा येईपर्यंत पाणी आवरायचं आणि जमीन गरम होईपर्यंत हात आवरायचा. यूकेत, आयर्लंडमध्ये, हॉलंडला किंवा अशाच गार ठिकाणी राहणाऱ्या आणि घरामागे चार वाफे असलेल्या लोकांसाठी हे आहे, कारण पुण्या-साताऱ्याचं वेळापत्रक इथे पूर्ण उलटं होतं.

माझी आई साताऱ्यात गणपती झाले, पाऊस उतरला की डेलिया लावायची, डिसेंबर-जानेवारीत फुलं यायची, आणि जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन बघायला गेलो की तिथल्या कुंड्यांपुढे ती जागची हलायची नाही. डेलिया हे थंडीतलं फूल असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी हौसेने ऑक्टोबरमध्ये कंद शोधत गार्डन सेंटरला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, मार्चमध्ये या. इथे डेलिया जुलै अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतो, पहिलं कडक फ्रॉस्ट पडलं की एका रात्रीत पानं काळी पडतात आणि सीझन संपतो. फ्रॉस्ट म्हणजे काय हे ज्यांना लक्षात येत नसेल त्यांनी महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आठवाव्यात, तसं इथे मे महिन्यातसुद्धा होऊ शकतं.

मुळात हे झाड मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं, उंचावरचं. तिथून बी माद्रिदच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये गेलं, १७८९ मध्ये तिथे फुललं, आणि कावानिलेस या स्पॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये अँडर्स डाल या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला नाव दिलं. १९६३ पासून डेलिया मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. हे सांगायचं कारण असं की डोंगरातलं झाड असल्यामुळे त्याला गार रात्री आवडतात, दिवसाची १८-२२ डिग्री त्याला एकदम मानवते, इंग्लंडचा उन्हाळा त्याच्यासाठी चांगलाच आहे. फक्त पाणी साठलेली गार जमीन आणि शून्याखालचं तापमान, हे दोन त्याला चालत नाहीत.

मार्च: कंद हातात घेऊन बघायचे

मागच्या नोव्हेंबरमध्ये काढून ठेवलेले कंद असतील तर मार्चच्या मध्यावर खोकी खाली उतरवा. दुकानातून आणलेले असतील तर पिशवी घरी आल्या आल्या उघडा, त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घुसमटतात आणि बुरशी धरतात. शक्यतो आतला कंद दिसेल अशी पिशवी निवडा आणि दाबून बघा. बाजारात रताळं दाबून बघतो ना, अगदी तसंच. घट्ट असेल तर उत्तम. सुरकुतलेला पण दाबल्यावर टणक असेल तरी चालतो, तो पाणी पिऊन परत भरतो. दाबल्यावर अंगठा आत गेला किंवा आंबलेल्या बटाट्यासारखा वास आला की तो भाग गेला.

गेलेला भाग असला तरी सगळा गड्डा, म्हणजे एका खोडाला लागलेला कंदांचा घोस, लगेच टाकू नका. धारदार सुरी घ्या, कुजलेला कंद मानेपासून, म्हणजे तो खोडाला जुळतो त्या बारीक भागापासून कापा, आतला भाग पांढरा स्वच्छ दिसेपर्यंत कापत जा. मग कापलेली बाजू दोन दिवस वर्तमानपत्रावर उघडी ठेवून सुकू द्या, जखमेवर खपली धरते तशी तिथे साल धरते. मी त्यावर थोडी दालचिनी पूड लावते, काही लोक गंधकाची पूड लावतात, पण खरं काम सुकवण्याचंच आहे.

आता जुन्या खोडाच्या बुडख्याकडे नीट बघा. डेलियाचं खोड पोकळ असतं. शरद ऋतूत कापल्यावर त्या नळीत पावसाचं पाणी साठतं आणि तिथून कूज खाली उतरते, बाहेरून कंद टकाटक दिसतो आणि मधला सगळा गाभा मऊ झालेला असतो. मी टॉर्च मारून नळीत बघते, तपकिरी ओलसर दिसलं तर बुडखा आणखी खाली कापते. (नोव्हेंबरमध्ये कंद काढल्यावर आठवडाभर उलटे टांगून ठेवले की ही भानगडच होत नाही, पण तो विषय त्या सीझनला.)

आणखी एक बघायचं. बुडख्यापाशी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडबडीत गोळे, किंवा बारीक बारीक जाड फुटव्यांचा गच्च झुबका दिसला तर तो बॅक्टेरियाचा रोग असतो. तो कंद कितीही महाग असो, सरळ घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही, आणि सुरी धुऊन स्पिरिटने पुसा. हा रोग सुरीवरून दुसऱ्या कंदांना जातो.

डोळा कुठे असतो

हे बटाटा लावलेल्या माणसाला हमखास फसवतं. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला अंगावर एकही डोळा नसतो. डोळे फक्त वर, जिथे कंदाची मान जुन्या खोडाला चिकटते त्या कडेवर असतात. कंद म्हणजे नुसता खाऊचा डबा, फुटवा येतो तो मानेच्या वरच्या त्या गाठीतून. त्यामुळे मान मोडलेला कंद कितीही गुटगुटीत असला तरी तो उगवत नाही, वर्षभर जमिनीत तसाच राहील, मुळंसुद्धा सोडेल, पण फुटणार नाही. मी पहिल्या वर्षी असे चार कंद लावून जुलैपर्यंत वाट बघितली होती. कंद उचलताना नेहमी बुडख्याला धरा, खाली लोंबणाऱ्या कंदाला धरून उचलू नका, मान वांग्याच्या देठासारखी चिवट दिसते पण पटकन चिरते.

मार्चमध्ये डोळे बहुतेक वेळा दिसतच नाहीत. म्हणून गड्डा घाईने कापायचा नाही. एका पसरट ट्रेमध्ये जेमतेम ओलसर कंपोस्ट (कुंड्या भरायच्या तयार मातीलाही इथे कंपोस्टच म्हणतात) घ्या, त्यावर गड्डे बसवा, अर्धे झाकले तरी पुरे, आणि १५-१८ डिग्रीच्या खोलीत दोन-तीन आठवडे ठेवा. मोहरीएवढा गुलाबीसर किंवा हिरवट उंचवटा दिसायला लागतो, बोट फिरवलं तर खरखर लागते. गडद पानांच्या जाती असतील तर डोळा जांभळट असतो. तो दिसला की मग सुरी घ्या.

कापताना नियम एकच, प्रत्येक तुकड्याला एक कंद, त्याची अखंड मान, आणि वर निदान एक डोळा. मोठा गड्डा असेल तर आधी बुडख्यातून उभा दोन भागांत कापा, मग प्रत्येक भागाचे निवांत बघून तुकडे करा. माझ्या आईला हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, एवढे बारीक तुकडे नको करूस, एकेका तुकड्याला दोन तरी कंद राहू देत." ती साताऱ्यात तसंच करते, पण मी दोन्ही करून बघितलंय, एक मध्यम कंद आणि एक चांगला डोळा असला की ऑगस्टपर्यंत झाड तेवढंच होतं. कंद अंगठ्याएवढा तरी जाड हवा, पेन्सिलीएवढे बारीक असतात ते वाळून जातात. कापल्यावर परत एक-दोन दिवस सुकवा आणि प्रत्येकावर जातीचं नाव लिहा. पेन्सिलीने लिहा, मार्कर उन्हात उडतो. लावताना सगळे कंद सारखेच दिसतात, आणि उंच जात पुढे, बुटकी मागे असा गोंधळ एकदा झाला की तो ऑगस्टमध्ये कळतो.

कुंडीत लावणे: एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा

थेट जमिनीत लावायचं असेल तर हा भाग सोडून द्या, पण उत्तरेकडे आपला उन्हाळा लहान, त्यामुळे घरात आधी उगवून घेतलं की फुलं चार-पाच आठवडे लवकर येतात. फार आधीही करू नका. फेब्रुवारीत लावलेली रोपं मे पर्यंत खिडकीत दोन फुटांची आणि लडबडीत होतात, बाहेर नेता येत नाहीत आणि आत ठेवता येत नाहीत.

२ ते ३ लिटरची कुंडी घ्या, खाली भोकं हवीतच. पीट नसलेलं साधं मल्टिपर्पज कंपोस्ट घ्या, त्यात चौथा हिस्सा परलाइट (हलके पांढरे दाणे असतात ते) किंवा जाडसर ग्रिट, म्हणजे बारीक खडी, मिसळा. कंपोस्ट किती ओलं हवं, तर मूठ दाबल्यावर गोळा व्हायला हवा पण बोटांतून पाणी यायला नको. आपल्याकडे शेतात वाफसा म्हणतात ना, नांगराला माती चिकटत नाही पण हाताला गारवा लागतो, अगदी ती स्थिती. कंद आडवा किंवा तिरका ठेवा, डोळा वर आणि कंपोस्टच्या जेमतेम खाली, जुन्या खोडाचा बुडखा वर उघडा राहिला पाहिजे.

आणि आता पाणी घालायचं नाही. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण दुसऱ्या दिवशी झारी घेऊन उभा असतो. कंदाला मुळं नाहीत, ते पाणी पिणार कोण? कंदाच्या आत पहिले तीन-चार आठवडे पुरेल एवढा साठा असतो. वरचा थर कोरडा दिसला तरी बोट दोन पेरं आत घालून बघा, आत ओल असते. अगदीच कोरडं झालं तर कुंडीच्या कडेने अर्धा कप पाणी, बुडख्यावर नाही. कोंब तीन-चार सेंटीमीटर वर आला की मग खाली मुळं झाली असं धरायचं आणि नेहमीसारखं पाणी सुरू करायचं.

काही जाती दहा दिवसांत डोकं वर काढतात, काही पाच-सहा आठवडे घेतात. कॅफे ओ ले ही माझ्याकडे नेहमी सगळ्यात शेवटी येते, आणि त्या आळशी कुंडीवर पाणी जास्त पडून ती जाण्याची भीती सर्वात मोठी. उगवलं नाही म्हणून उकरून बघू नका, कोवळा कोंब काचेसारखा तुटतो. तुटलाच तर घाबरू नका, त्याच गाठीतून बहुतेक वेळा दुसरा येतो, फक्त दोन-तीन आठवडे जातात.

उजेडाचं सांगायचं तर कोंब येईपर्यंत अंधार असला तरी चालतो, कोंब दिसला त्या दिवशी मात्र खिडकीत, तीही दक्षिणेकडची. रेडिएटरच्या वर ठेवू नका, खालून ऊब आणि वरून कमी उजेड म्हणजे रोप सुतासारखं वाढणार. रोज कुंडी थोडी फिरवा. ग्रीनहाऊस असेल तर उत्तम, पण हीटर नसलेल्या ग्रीनहाऊसमध्ये एप्रिलच्या रात्री बाहेरच्याइतक्याच गार होऊ शकतात, म्हणून फ्लीस, म्हणजे ते पांढरं पातळ कापड, रात्री वर टाकायला हाताशी ठेवा.

एका कंदाची सहा झाडं

पैसे वाचवायचे असतील तर ही पायरी सोन्यासारखी आहे. एका गड्ड्याला पाच-सात कोंब आले आणि ते ७-८ सेंटीमीटरचे झाले की त्यातले काही काढून कलमं करायची. कोंब जिथे कंदाला जुळतो तिथून धारदार ब्लेडने, कंदाची बारीकशी चकती बरोबर येईल असा काढा. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. लहान कुंडीच्या कडेला चार कलमं लावा, कडेला लावलेली लवकर मुळं धरतात. वरून पारदर्शक पिशवी घाला, १८-२० डिग्रीत ठेवा, कडक ऊन नको, पिशवी रोज पाच मिनिटं उघडा. दोन-तीन आठवड्यांत हलकेच ओढून बघा, ओढ लागली की मुळं फुटली. अशी झाडं त्याच वर्षी फुलतात आणि शरदापर्यंत स्वतःचे कंदही करतात. गड्ड्यावर निदान एक-दोन कोंब शिल्लक ठेवायला विसरू नका.

बियांपासूनही डेलिया सहज येतो, मार्च अखेरीला पेरलं तर आठवडा-दोन आठवड्यांत उगवतो. पण बियांचा डेलिया आईबापासारखा निघत नाही. बागेतल्या डेलियामध्ये गुणसूत्रांचे आठ संच असतात, माणसात दोन, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवीनच काहीतरी. मला ते फार आवडतं, दर वर्षी दहा रोपं मी बियांची करतेच, पण हवी ती जात हवी असेल तर कंद किंवा कलमच.

जात कोणती घ्यायची

गार आणि वाऱ्याच्या ठिकाणी थाळीएवढी फुलं देणाऱ्या जातींनी सुरुवात करू नका असं माझं ठाम मत आहे. फूल भिजलं की जड होतं, मान वाकते, वारा आला की फांदी जाते. आणि त्या उशिराही फुलतात. पहिल्या वर्षी बिशप ऑफ लँडाफ घ्या, काळपट पानं आणि लालभडक साधं फूल, १९२४ मध्ये कार्डिफला तयार झालेली जात, शंभर वर्षं टिकली ती उगाच नाही. डेव्हिड हॉवर्ड ही नारंगी, छोट्या चेंडूसारखी गच्च पाकळ्यांची आणि पानं तपकिरी, पावसात मान टाकत नाही. गेरी हूक गुलाबी, कमळासारखी. कोर्नेल गडद लाल, अगदी गोल, कापून फुलदाणीत ठेवायला उत्तम. थॉमस एडिसन जांभळी, हवीच असेल तर तीही घ्या, पण तिला जाड काठी लागते. साधी, मधे पिवळं केंद्र उघडं असलेली फुलं लावली तर मधमाश्या दिवसभर असतात, गच्च भरलेल्या फुलात त्यांना मधापर्यंत पोचताच येत नाही.

जमीन

जागा अशी निवडा की दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल आणि हिवाळ्यात पाणी साठणार नाही. माझी अलॉटमेंट, म्हणजे काउन्सिलकडून भाड्याने मिळते ती जमिनीची पट्टी, चिकणमातीची आहे. मार्चमध्ये फावडं घातलं तर चकचकीत ढेकूळ निघतं आणि ते जूनमध्ये विटेसारखं वाळतं. ओल्या चिकणमातीत पायही ठेवू नका. बुटाला माती चिकटायची थांबली की मग काम सुरू करायचं. मी वाफा वीतभर उंच केलाय, त्यात दर वर्षी कुजलेलं कंपोस्ट दोन-तीन इंच पसरते, आणि हे एवढं केल्यापासून कुजण्याचं प्रमाण एकदम खाली आलं.

घोड्यांचं खत इथे सहज आणि बहुतेक वेळा फुकट मिळतं, आणि त्यातच एक धोका आहे. कुरणावर एक विशिष्ट तणनाशक मारलेलं असेल तर ते गवतातून घोड्याच्या पोटात, तिथून खतात जसंच्या तसं येतं, आणि डेलिया, टोमॅटो, शेंगाची पानं फर्नसारखी गुंडाळून टाकतं. एका वर्षी मी एका तबेल्यातून आठ पोती आणली आणि अर्धा वाफा असा वाया गेला, देणाऱ्याला स्वतःलाही गवतावर काय मारलंय ते माहीत नव्हतं. तेव्हापासून खत आलं की थोडं कुंडीत कंपोस्टमध्ये मिसळून त्यात वालाच्या जातीचे चार दाणे पेरते. तीन-चार आठवड्यांनी पानं सरळ निघाली तरच खत वाफ्यात जातं.

काठ्या आत्ताच ठोका, रोप लावायच्या आधी. नंतर ठोकलेली काठी बरोबर कंदातून जाते, आणि ते तुम्हाला दिसतही नाही. उंच जातींना मातीच्या वर चार फूट राहील अशी जाड काठी हवी, बारीक बांबू सप्टेंबरच्या वाऱ्यात मोडतो. दोन झाडांत लहान जातींसाठी दीड फूट, मोठ्यांसाठी अडीच फूट.

बाहेर नेण्याआधी सवय लावणे

मे च्या दुसऱ्या आठवड्यापासून रोपं दिवसा बाहेर, रात्री आत. पहिले तीन दिवस सावलीत आणि भिंतीच्या आडोशाला, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन. घरातलं पान कोवळं असतं, त्याला ऊन आणि वारा दोन्ही नवीन. एकदम उन्हात ठेवलं तर पानांवर पांढरे कागदासारखे डाग पडतात. दोन आठवडे ही ने-आण करायची, कंटाळा येतो, मी ट्रेमध्ये ठेवून एकदम उचलते.

फोनवरचं हवामान बघताना एक लक्षात ठेवा, तिथे दाखवतात ते जमिनीपासून सव्वा मीटर वरच्या हवेचं तापमान असतं. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर फोनवर ३ डिग्री असताना जमिनीलगत शून्याखाली जाऊ शकतं. एका वर्षी १९ मे ला मी फोनवर ४ बघून निर्धास्त झोपले, सकाळी सहाला उठून बघते तर गवत पांढरं आणि सोळा रोपांची पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट मऊ. मी रडकुंडीला आले होते. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी सांगितलं, काही उपटू नकोस, काळं झालेलं मातीलगत काप आणि थांब. तीन आठवड्यांत चौदा परत फुटली. तेव्हा फ्रॉस्ट लागलं तर कंद जाईलच असं नाही, जमिनीच्या आत तो सुरक्षित असतो. आता फोनवर ५ किंवा त्याखाली आणि आभाळ मोकळं दिसलं की मी फ्लीस टाकतेच.

जमिनीत लावणे

लीड्समध्ये मी रोपं मे च्या शेवटच्या आठवड्यात किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात लावते. स्कॉटलंडला आणखी आठवडाभर थांबा, लंडनला आठवडा-दोन आठवडे आधी चालेल. तारखेपेक्षा जमीन बघा. स्वयंपाकाचा थर्मामीटर सकाळी दहा सेंटीमीटर खोल घाला, सलग चार दिवस १२ च्या वर आला तर जमीन तयार.

खड्डा कुंडीपेक्षा थोडा रुंद, आणि रोप कुंडीत होतं त्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खोल. खड्ड्यात मूठभर बोनमील, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचं खत टाका, माती हलक्या हाताने दाबा, एक झारीभर पाणी एकदाच सावकाश द्या. आता रोपाला मुळं आहेत, आता पाणी चालतं. लगेच काठीला सैल बांधा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वळसा देऊन, म्हणजे खोड काठीवर घासत नाही.

कुंडीचा खटाटोप न करता कंदच थेट लावायचे असतील तर मे च्या सुरुवातीला ते लावता येतात, कारण वर यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर फ्रॉस्ट संपतं. १०-१५ सेंटीमीटर खोल, आडवे, डोळा वर, आणि कोंब दिसेपर्यंत पाणी नाही, इथला पाऊस पुरेसा असतो. चिकणमाती असेल तर मी हा मार्ग सांगणार नाही. मागच्या वर्षीचे कंद जमिनीतच राहिले असतील तर मे अखेरपर्यंत उकरू नका, वरचं पालापाचोळ्याचं पांघरूण एप्रिल अखेरीला थोडं पातळ करा म्हणजे ऊन जमिनीला लागेल. माझ्याकडे असे काही कंद १० जूनला वर आलेत.

स्लग

बिनशंखाची गोगलगाय, इथल्या डेलियाची पहिली वैरी. कोवळा कोंब एका रात्रीत मातीलगत कुरतडून नेते, आणि तुम्हाला वाटतं कंद उगवलाच नाही. चार दिवसांनी परत कोंब येतो, परत जातो, असं तीन-चारदा झालं की कंदाचा साठा संपतो.

पूर्वी निळ्या गोळ्या सर्रास टाकायचे, त्यातलं मेटाल्डिहाइड ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ पासून बागेत वापरायला बंदी आहे, जुना डबा पडला असेल तर वापरू नका. आता फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळतात, त्या थोड्याच, विरळ टाकायच्या. अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, लोकरीच्या गोळ्या असं सगळं मी करून झालंय, पण रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये असल्या अडथळ्यांची चाचणी घेतली होती त्यातही त्यांचा काही फरक दिसला नव्हता, आणि माझ्या वाफ्यावरही नाही. खरा उपयोग दोन गोष्टींचा. एक नेमॅटोड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी, पाकीट पाण्यात मिसळून ओल्या जमिनीवर झारीने द्यायचं, जमीन ५ डिग्रीच्या वर असली की चालतात, सहा आठवड्यांनी परत. मी एप्रिल मध्यावर एकदा आणि लावणीच्या वेळी एकदा देते. दुसरं म्हणजे रात्री दहाला टॉर्च आणि बरणी घेऊन बाहेर जायचं, पाऊस पडून गेलेल्या रात्री हमखास. सलग पाच-सहा रात्री वेचलं की फरक दिसतो. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला, ओल्या मातीवर त्या रात्रभर फिरतात. आणि रोप वीतभर होईपर्यंत कुंडीत वाढवण्याचं मोठं कारण हेच आहे, जाड खोडाला त्या फारसं काही करू शकत नाहीत.

मे अखेरीला शेंड्यावर काळा मावा आला तर औषध मारायची घाई नको, दोन बोटांनी चोळून काढा किंवा पाण्याच्या फवाऱ्याने उडवा. शेपटीला चिमटा असलेला तो तपकिरी किडा पाकळ्या खातो, त्याच्यासाठी काठीच्या टोकावर छोटी कुंडी गवत भरून उलटी ठेवतात, तो दिवसा आत लपतो, मग कुंडी लांब नेऊन झटकायची.

शेंडा खुडणे

रोपाला पानांच्या चार जोड्या आल्या, उंची फूटभर झाली की मधला शेंडा चौथ्या जोडीच्या वर खुडा. हात थरथरतो, कळी येणारच असते तिथे, पण खुडलं नाही तर एकच उंच काठी आणि तिच्यावर एक फूल. खुडलं की प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा निघतो, दहा-बारा दिवसांत झाड रुंद व्हायला लागतं. पहिलं फूल दोन-तीन आठवडे उशिरा येतं, पण पुढे दहापट येतात. बिशपसारख्या मोकळ्या वाढणाऱ्या जातींना नाही खुडलं तरी चालतं, उंच जातींना खुडाच.

खताची घाई नको. नायट्रोजन जास्त झालं की पानं हत्तीच्या कानाएवढी आणि फुलं नाहीत. कळी दिसायला लागली, साधारण जुलैत, की टोमॅटोसाठी मिळतं ते पातळ खत दोन आठवड्यांनी एकदा सुरू करा. झाड वाढेल तशी प्रत्येक फुटाला एक गाठ काठीला.

आणि खुडलेले शेंडे कंपोस्टमध्ये टाकू नका, ते सात-आठ सेंटीमीटरचे असतील तर खालची पानं काढून कुंडीच्या कडेला लावा, जूनच्या उबेत ते एप्रिलच्या कलमांपेक्षाही लवकर मुळं धरतात. कुंडीतच ठेवलं तर त्या झाडांना ऑक्टोबरपर्यंत छोटे गच्च कंद येतात, कुंडीसकट उचलून शेडमध्ये कोरडे ठेवता येतात आणि हिवाळ्यात सगळ्यात कमी कुजतात. माझी कॅफे ओ ले मी आता दर वर्षी अशीच राखते, खिडकीच्या कडेला पाच कुंड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने नाव.